नारायण विनायक जगताप कोण होते?

(विज्ञानकथाकार जयंत नारळीकर यांच्याविषयी)

अकरावीला ज्यांनी एनसीईआरटीचं ‘हॉर्नबिल’ हे इंग्रजीचं पुस्तक वाचलंय, त्यांना प्रोफेसर गायतोंडे नक्की आठवत असतील. इतिहासाचे हे प्राध्यापक पुण्याहून आगगाडीनं मुंबईला निघतात. वाटेत ‘सरहद’ नावाचं स्टेशन लागतं आणि तिथून पुढे इंग्रजांचा मुलूख सुरू होतो. मुंबईत उतरून पाहतात तर ईस्ट इंडिया कंपनीची भलीमोठी इमारत अजून थाटात उभी! गोंधळलेले गायतोंडे ग्रंथालय गाठतात. तिथल्या इतिहासाच्या पुस्तकात लिहिलेलं असतं की पानिपतावर मराठे जिंकले. ‘द ॲडव्हेंचर’ नावाचा तो धडा. मी तो इंग्रजीतून वाचला, शब्दार्थ पाठ केले, परीक्षेत उत्तरं लिहिली आणि विसरून गेलो.

ती गोष्ट मुळात मराठी आहे, तिचं नाव ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ आहे, हे मला कळलं कॉलेजात आल्यावर, मंडळाच्या कपाटात नारळीकरांचे कथासंग्रह हाती लागले तेव्हा. पाठोपाठ आणखी एक धक्का. आठवीच्या इंग्रजी पूरक पुस्तकातली ‘द कॉमेट’ ही दोन भागांतली गोष्टसुद्धा त्यांचीच, मराठीतली ‘धूमकेतू’. इंदुरात घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला आपल्याच भाषेतली गोष्ट दोनदा इंग्रजीच्या वर्गात भेटते आणि ओळखू येत नाही, याचं हसू आलं. थोडी लाजही वाटली.

म्हणून नारळीकर मुळापासून वाचायला घेतले. आणि वाचताना कळलं की हा माणूस आपल्यासारखाच महाराष्ट्राबाहेर वाढलेला, शाळेत हिंदी आणि घरात मराठी असलेला होता. मग तो मराठी कथाकार झाला कसा? त्याची हकीकत सुरू होते एका खोट्या नावापासून.

1974 साली मराठी विज्ञान परिषदेनं विज्ञानकथेची स्पर्धा जाहीर केली. आलेल्या कथांमध्ये एक होती ‘कृष्णविवर’. लेखकाचं नाव नारायण विनायक जगताप. कथेला पहिलं बक्षीस मिळालं आणि मग उलगडा झाला की जगताप नावाचे कोणी गृहस्थ नाहीतच. जयंत विष्णू नारळीकर या नावाची आद्याक्षरं इंग्रजीत जे, व्ही, एन. ती उलटी करा, एन, व्ही, जे. झाले नारायण विनायक जगताप!

नाव लपवण्याचं कारण साधं होतं. नारळीकर त्या वेळी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्राध्यापक होते, देशभर नाव झालेलं होतं, पद्मभूषण मिळालेलं होतं. खऱ्या नावानं कथा पाठवली असती तर परीक्षकांनी कथा वाचण्याआधी नाव वाचलं असतं. बरं, परिषदेतली मंडळी त्यांचं अक्षरही ओळखत होती. मग काय, पत्नी मंगलाताईंनी सगळी कथा आपल्या हातानं उतरवून काढली आणि ती प्रत स्पर्धेला गेली. कथा लिहायला सुरुवात कुठे झाली, तर अहमदाबादला एका परिषदेत कोणाचं तरी कंटाळवाणं भाषण चालू असताना. मागच्या बाकावर बसून वहीत काहीबाही खरडणाऱ्या आपल्यासारख्यांना यातून बराच धीर मिळायला हरकत नाही.

जयंतरावांचा जन्म 19 जुलै 1938 चा, कोल्हापूरचा. पण बालपण गेलं बनारसला. वडील विष्णू वासुदेव नारळीकर केंब्रिजला शिकलेले रँगलर. पंडित मदनमोहन मालवीयांच्या बोलावण्यावरून ते बनारस हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक म्हणून गेले आणि तिथेच रमले. आई सुमतीबाई संस्कृत जाणणाऱ्या. घर विश्वविद्यालयाच्या आवारात, शाळा हिंदी माध्यमाची, पुढे कॉलेजचं शिक्षण इंग्रजीत. म्हणजे पाहा, मराठी विज्ञानकथेतलं सगळ्यात मोठं नाव असलेला हा माणूस मराठी शाळेत कधी शिकलाच नाही. मराठी होती ती घरातली, आईवडिलांशी बोलण्याची आणि घरात येणाऱ्या पुस्तकांची.

त्या घरातली एक गोष्ट फार सुंदर आहे. वडिलांनी मुलांसाठी भिंतीवर फळे करून घेतले होते. मोरूमामा, म्हणजे आईचे भाऊ मोरेश्वर हुजूरबाजार, एम.एस्सी. करायला बनारसला येऊन त्यांच्याकडे राहिले. हे मामा अधूनमधून फळ्यावर गणिताचं एखादं अवघड कोडं लिहून ठेवत, वर लिहीत की हे आव्हान जेव्हीएनसाठी आहे. उत्तर सुटेपर्यंत किंवा भाच्यानं हार मानेपर्यंत ते पुसायचं नाही. मामानं शिकवलं काहीच नाही, फक्त प्रश्न नजरेसमोर ठेवला. त्यांच्या बहुतेक कथांचा आरंभ मला याच जातीचा वाटतो. फळ्यावर एक प्रश्न आणि खाली मोकळी जागा.

1957 मध्ये बनारसहून बी.एस्सी. करून ते केंब्रिजला गेले. तिथे गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत वडिलांसारखेच रँगलर झाले, पदकं आणि पारितोषिकं मिळवली. हा भाग आपल्याला शाळेतल्या थोर पुरुषांच्या धड्यांमधून माहीत आहे, तेव्हा मी तो पळवतो. कथाकार नारळीकरांसाठी महत्त्वाचे आहेत ते त्यांचे मार्गदर्शक फ्रेड हॉयल.

हॉयल हे मोठे खगोलशास्त्रज्ञ आणि मोठे भांडखोर. विश्वाला आरंभ आहे, ते एका महास्फोटातून जन्मलं, हे त्यांना पटत नसे. ‘बिग बँग’ हा शब्द त्यांनीच 1949 मध्ये बीबीसी रेडिओवर बोलताना वापरला आणि विरोधकांनी तोच उचलला. त्यांचं स्वतःचं म्हणणं असं होतं की विश्व प्रसरण पावतं, पण मधल्या रिकाम्या होणाऱ्या जागेत नवं द्रव्य थोडं थोडं निर्माण होत राहतं, त्यामुळे ते कायम सारखंच दिसतं. हा स्थिर स्थितीचा सिद्धांत. आणि हेच हॉयल कादंबऱ्याही लिहीत! ‘द ब्लॅक क्लाउड’ ही त्यांची कादंबरी 1957 ची, म्हणजे नारळीकर केंब्रिजला पोचले त्याच वर्षाची. सूर्यमालेत एक प्रचंड काळा ढग शिरतो आणि शास्त्रज्ञांना हळूहळू कळतं की हा ढग विचार करतो आहे, अशी तिची कल्पना. दिवसा समीकरणं मांडणारा माणूस रात्री गोष्ट लिहू शकतो आणि त्यात कमीपणा काही नाही, हे नारळीकरांना गुरूच्या घरीच दिसलं.

1964 मध्ये हॉयल आणि नारळीकर यांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला आणि भारतात वर्तमानपत्रं भरून गेली. लंडनच्या रॉयल सोसायटीत हॉयल तो मांडत असताना एक तरुण विद्यार्थी उभा राहिला आणि यातली एक बेरीज अनंत येते असं भर सभेत म्हणाला. त्या विद्यार्थ्याचं नाव स्टीफन हॉकिंग. पुढच्याच वर्षी अवकाशात सगळीकडे पसरलेल्या सूक्ष्मलहरींच्या प्रारणाचा शोध लागला आणि बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाच्या बाजूला गेले. नारळीकर गेले नाहीत. 1993 मध्येसुद्धा हॉयल आणि जेफ्री बर्बिज यांच्याबरोबर त्यांनी जुन्या सिद्धांताचं सुधारलेलं रूप मांडलं. बहुमत विरुद्ध असताना पर्याय मांडत राहणं हा या माणसाचा स्वभावच होता. ‘असं नसून तसं असेल तर?’ हा प्रश्न त्यांनी शोधनिबंधातही विचारला आणि गोष्टीतही.

1972 मध्ये ते भारतात परतले, मुंबईला. दोन वर्षांत ते जगताप प्रकरण घडलं. त्याचा परिणाम बक्षिसापुरता राहिला नाही. 1975 च्या कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवत यांनी या नव्या प्रकारच्या लेखनाची दखल घेतली. ‘किर्लोस्कर’ मासिकाचे संपादक मुकुंदराव किर्लोस्कर यांनी आणखी कथा मागितल्या. संपादकानं मागावं आणि लेखकानं द्यावं असं ते सुरू झालं. 1979 मध्ये ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह आला.

नारळीकरांच्या आधी मराठीत विज्ञानकथा नव्हती असं समजू नका हं. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठी मुलांच्या हातात दिला होताच. नारळीकरांच्या बरोबरीनं बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर हेही लिहीत होते आणि कथा म्हणून पाहिलं तर यांतल्या काहींची कलाकुसर नारळीकरांपेक्षा सरस आहे असं मला वाटतं. पण विज्ञानकथा हे मुलांचं खाऊचं पुडकं आहे ही समजूत मोडली ती नारळीकरांमुळे. प्रत्यक्ष कृष्णविवरांवर काम करणारा माणूस कृष्णविवराची गोष्ट सांगतोय म्हटल्यावर थोरांनाही ऐकावं लागलं.

आता गोष्टी कशा आहेत ते बघू. पुन्हा गंगाधरपंतांकडे जातो, कारण ती गोष्ट आपल्या अगदी जवळची आहे.

14 जानेवारी 1761. पानिपतावर दुपारपर्यंत लढाई चुरशीची चालली होती. मग विश्वासरावांना गोळी लागली. भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले. रिकामी अंबारी पाहून सैन्याचा धीर सुटला आणि पुढचं सगळं आपल्याला ठाऊक आहे. नारळीकर फक्त एक गोष्ट बदलतात. गोळी विश्वासरावांच्या कानाजवळून निघून जाते. बस. एवढ्यावरून इतिहास दुसऱ्या फाट्यावर जातो. मराठे जिंकतात, इंग्रजांना हातपाय पसरता येत नाहीत, आणि गंमत म्हणजे हे राज्यकर्ते लढाया जिंकून थांबत नाहीत. युरोपात काय चाललंय ते पाहून ते स्वतःची विज्ञानकेंद्रं काढतात. नारळीकरांना विजयापेक्षा हे जास्त महत्त्वाचं वाटत असणार.

या दुसऱ्या जगातून गंगाधरपंत परत कसे येतात? तिथल्या आझाद मैदानावर एक सभा चालू असते. व्यासपीठावर अध्यक्षाची खुर्ची रिकामी. हयातभर सभांची अध्यक्षपदं भूषवलेल्या गंगाधरपंतांना ती रिकामी खुर्ची पाहवत नाही. ते सरळ वर जाऊन बसतात! त्या जगात मात्र लोक अध्यक्षांना आणि लांबलचक भाषणांना केव्हाच विटलेले असतात. श्रोते आधी ओरडतात, मग हाती येईल ते फेकतात. मराठी सभासंमेलनांची इतकी गोड टिंगल विज्ञानकथेत सापडेल असं वाटलं नव्हतं. इंग्रजी धड्यात हा प्रसंग आहे, पण त्यातली खोच वर्गात कोणी सांगितली नाही.

शेवटी त्यांचे वैज्ञानिक मित्र राजेंद्र देशपांडे दोन कल्पना वापरून उलगडा करतात. पहिली अशी : काही क्षण असे नाजूक असतात की कारण अगदी बारीक असलं तरी परिणाम एकदम उलटा होतो. तराजूची पारडी समतोल असताना एका पारड्यात तांदळाचा दाणा पडावा तसं. दोन तुल्यबळ सैन्यांच्या लढाईत एका माणसाला गोळी लागणं किंवा न लागणं हा तो दाणा. दुसरी कल्पना क्वांटम सिद्धांतातली. बंदुकीतून सुटलेली गोळी कुठे जाईल हे आपण गणितानं सांगू शकतो. इलेक्ट्रॉन मात्र अमुक वेळी अमुक जागी असेल असं ठामपणे सांगता येत नाही. तो इथे असेल किंवा तिथे, एवढी शक्यताच सांगता येते. आपण पाहिलं तेव्हा तो ‘इथे’ सापडला. मग ‘तिथे’ सापडण्याच्या शक्यतेचं काय झालं? काही शास्त्रज्ञ म्हणतात की तो दुसऱ्या एका जगात तिथे सापडला, आणि तेही जग आपल्या जगाइतकंच खरं आहे. इलेक्ट्रॉनला लागू पडणारं हे म्हणणं नारळीकर पानिपताला लावतात. शास्त्राच्या दृष्टीनं ही मोठी उडी आहे, आणि ती उडी आहे हे लेखकाला ठाऊक आहे. गंगाधरपंतांच्या खिशात मात्र पुरावा म्हणून त्या दुसऱ्या जगातल्या बखरीचं फाटलेलं पान उरतं.

मल्हारराव होळकर पानिपतावरून निसटून परतले, यावर आपल्याकडे आजही चहाच्या टपरीवर वाद रंगतो. महादजी शिंदे जखमी होऊन वाचले आणि पुढे ग्वाल्हेरचं बस्तान बसलं. त्या दुसऱ्या जगात मल्हाररावांना निसटावं लागलंच नसतं, मग इंदूर कसं असतं? अहिल्यादेवींना इतकी वर्षं दौलत सांभाळावी लागली असती का? नारळीकरांनी याला हात लावलेला नाही. आपल्यापैकी कोणी तरी लावावा. पुढच्या अंकाला कथा कमी पडते आहे, असं संपादक कालच म्हणत होते.

‘धूमकेतू’ची जात वेगळी. दत्ता नावाचे हौशी आकाशनिरीक्षक एक नवा धूमकेतू शोधतात. आधी कौतुक होतं. मग गणित सांगतं की तो पृथ्वीवर आदळणार. जगभरचे शास्त्रज्ञ गुपचूप एकत्र येतात आणि अवकाशात स्फोट घडवून त्याला वाटेवरून ढकलायचं ठरवतात. इकडे घरी दत्तांच्या पत्नी धूमकेतूची शांती व्हावी म्हणून यज्ञ मांडतात आणि नातवालाही त्यात बसवतात. धूमकेतू टळतो. घरच्यांची खात्री पटते की यज्ञामुळे टळला. वैज्ञानिक जिंकूनही हरतो, हे या गोष्टीचं दुखणं आहे. लेखकाचं ते खरं दुखणं असावं, कारण पुढे 2008 च्या सुमारास त्यांनी नरेंद्र दाभोलकर आणि इतर सहकाऱ्यांबरोबर फलज्योतिषाची रीतसर चाचणी घेतली. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका सरमिसळ करून ज्योतिषांना दिल्या आणि कोणती कोणाची ते ओळखायला सांगितलं. 27 ज्योतिषांनी प्रत्येकी 40 पत्रिका तपासल्या. सरासरी उत्तरं बरोबर आली 46 टक्के. नाणं उडवलं असतं तरी 50 च्या आसपास आली असती.

पण इथेच माझी एक तक्रार आहे. नवरा विज्ञाननिष्ठ आणि बायको भाबडी, ही वाटणी फार सोपी झाली. आणि ती करणाऱ्या लेखकाच्या घरात होत्या मंगलाताई, स्वतः गणितज्ञ, मुंबई विद्यापीठाच्या सुवर्णपदक विजेत्या, ‘गणितगप्पा’ लिहिणाऱ्या. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 2019 मध्ये ‘बावीस’ला ‘वीस दोन’ असं वाचण्याचा पर्याय आला आणि महाराष्ट्रात गदारोळ झाला, ते आठवतंय? त्या गणित समितीच्या प्रमुख मंगलाताईच. ‘एकोणसत्तर’ आणि ‘एकोणऐंशी’मध्ये अजून अडखळणारा मी तर त्यांच्याच बाजूचा. अशी बाई रोज समोर असताना कथेतल्या बायका इतक्या पुसट का, हा प्रश्न नारळीकर वाचताना पुन्हा पुन्हा पडतो.

दुसरा दोष सगळेच सांगतात आणि तो खरा आहे. पात्रं माणसांपेक्षा वक्त्यांसारखी बोलतात. गोष्ट रंगात आली की एकजण दुसऱ्याला विचारतो, म्हणजे नेमकं काय हो? आणि मग दोन पानं व्याख्यान. पण एक पाहा. ते व्याख्यान कळतं. मी बी.एस्सी.ला सापेक्षतावाद शिकलो तेव्हा गणित आलं, अर्थ लागला नाही. प्रबळ गुरुत्वाकर्षणाजवळ काळ हळू चालतो, कृष्णविवराजवळ जाऊन परतलेल्या माणसाचं घड्याळ आणि घरी राहिलेल्याचं घड्याळ जुळणार नाही, हे मला मराठीतून वाचताना एकदम लख्ख दिसलं. याला कारण त्यांची भाषा. वाक्य लहान, क्रियापद जागेवर, अलंकार जवळजवळ नाहीत. संज्ञा तेवढ्या संस्कृत वळणाच्या असतात : कृष्णविवर, दीर्घिका, श्वेतबटू. ‘दीर्घिका’ मला आधी विहिरीचं नाव वाटलं होतं. आपण शाळेत हिंदीतून ‘मंदाकिनी’ शिकलो ना, तीच ही. असे शब्द ते एकदा गोष्टीत बसवून दाखवतात आणि पुढे सरळ वापरतात. चार पानांनंतर ते परके राहत नाहीत.

‘उजव्या सोंडेचा गणपती’ ही माझी सगळ्यात आवडती कथा. नेहमी उजव्या हातानं गोलंदाजी करणारा खेळाडू ऐन कसोटी सामन्यात डाव्या हातानं चेंडू टाकायला लागतो, तो कसा? एक कागदाची पट्टी घ्या, तिला अर्धा पीळ द्या आणि टोकं चिकटवा. या पट्टीवर उजव्या हाताचा ठसा सरकवत पूर्ण फेरी मारली की तो डाव्या हाताचा होऊन परततो. आपल्या तीन मितींच्या अवकाशालाच असा पीळ पडला तर? माणूस आरशातल्या प्रतिमेसारखा उलटा होऊन येईल. आणि डाव्या सोंडेचा गणपती उजव्या सोंडेचा होईल! पट्टी करून बघाच, पाच मिनिटांचं काम आहे. परक्या भाषेतून आणलेली कल्पना असती तर तिथे आरसा आला असता. गणपतीची सोंड सुचायला मराठी घरच लागतं.

कादंबऱ्या मोजक्याच आहेत. ‘प्रेषित’मध्ये परग्रहावरच्या बुद्धिमान जिवांशी संपर्काचा विषय आहे, ‘व्हायरस’मध्ये संगणकांना लागलेल्या लागणीचा. मला सगळ्यात पुढे वाटते ती ‘वामन परत न आला’. उत्खननात एका प्राचीन, आपल्यापेक्षा पुढारलेल्या संस्कृतीनं जपून ठेवलेलं ज्ञान सापडतं. त्याच्या आधारानं अतिशय बुद्धिमान यंत्रमानव तयार होतो, त्याचं नाव वामन. तीन पावलांत सगळं व्यापणारा बटू, हे सांगायला नकोच. ज्यांनी हे ज्ञान ठेवलं ते लोक नाहीसे कशामुळे झाले, हे माहीत नसताना ते वापरावं का, हा कादंबरीतला पेच. ही 1980 च्या दशकातली गोष्ट आहे. आज आपण कृत्रिम बुद्धिमत्तेवर निबंध स्पर्धा घेतो तेव्हा हिची आठवण कोणालाच होत नाही. एक गंमत लक्षात आली का? मराठी नाव सांगतं की वामन आला नाही, आणि इंग्रजी आवृत्तीचं नाव आहे ‘द रिटर्न ऑफ वामन’. एकाच कादंबरीकडे दोन भाषांत दोन टोकांकडून पाहिलं गेलं.

1988 मध्ये पुण्यात ‘आयुका’ ही संस्था उभी राहिली आणि नारळीकर तिचे पहिले संचालक झाले, 2003 पर्यंत. देशातल्या कुठल्याही विद्यापीठातल्या शिक्षकानं, विद्यार्थ्यानं येऊन खगोलशास्त्रात काम करावं म्हणून ती काढलेली. लहान शहरातल्या कॉलेजांना तिचं महत्त्व आमच्या भौतिकशास्त्राच्या सरांना विचारा. शाळेतल्या मुलांसाठी तिथे शनिवारी व्याख्यानं होत. मुलं सहीसाठी वह्या पुढे करत, तेव्हा नारळीकर सही देत नसत. म्हणत, मला विज्ञानातला एक प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठव, मी उत्तर पाठवीन, त्याखाली माझी सही असेल. आणि उत्तरं खरोखर जात. मोरूमामांचा फळा इथे उलटा फिरला, असं मला वाटतं. आता प्रश्न पोरांनी लिहायचा होता.

आत्मचरित्राचं नाव ‘चार नगरांतले माझे विश्व’. बनारस, केंब्रिज, मुंबई आणि पुणे ही ती चार नगरं. 2014 चा साहित्य अकादमी पुरस्कार या पुस्तकाला मिळाला. यातला बनारसचा भाग आपण सर्वांनी वाचावा असा आहे. हिंदी मुलखात मराठी घर कसं चालतं, कुठली भाषा कुठल्या दारानं आत येते, हे त्यात विनातक्रार येतं. भाषा टिकवायची म्हणून त्यांनी काही वेगळं केलेलं दिसत नाही. त्या भाषेत ते विचार करत राहिले, अगदी समीकरणांबद्दलसुद्धा.

2021 मध्ये नाशिकला झालेल्या 94 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. विज्ञानकथा लिहिणाऱ्याला हा मान पहिल्यांदाच मिळाला. पण करोनामुळे संमेलन डिसेंबरवर गेलं आणि प्रकृतीमुळे त्यांना नाशिकला जाता आलं नाही. अध्यक्ष का आले नाहीत यावर बरीच कुरकुर झाली. मला मात्र सारखे गंगाधरपंत आठवत होते. व्यासपीठावरच्या रिकाम्या अध्यक्षीय खुर्चीची थट्टा ज्यानं लिहिली, त्याचीच खुर्ची रिकामी! त्यांना स्वतःला हे सुचलं असेल का?

2023 मध्ये मंगलाताई गेल्या. 20 मे 2025 ला पुण्यात जयंतरावही गेले, वयाच्या 86 व्या वर्षी.

वाचायला कुठून सुरुवात करायची असं कोणी विचारलं तर मी सांगेन, आधी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’, कारण गोष्ट माहीत आहे आणि मराठीतून ती किती वेगळी लागते ते कळेल. मग ‘उजव्या सोंडेचा गणपती’, शेजारी कागदाची पट्टी आणि डिंक घेऊन. नंतर ‘वामन’. मंडळाच्या कपाटात ‘यक्षांची देणगी’च्या दोन प्रती आहेत. त्यातली एक गेले दोन महिने माझ्याकडे आहे, ती येत्या शनिवारी परत करतो.